हाक ऐकू येईल इतकाच आवाज

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. बसावा तरी कसा? मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी मागे कोण आहे ते बघतो. कारखान्यात मला घडवणाऱ्यांनीसुद्धा मी चालतो की नाही, ते पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहिलं. म्हणजे संशय माझ्या रक्तातच आहे म्हणा ना!

पिंपरीच्या बाजारातून मला करिष्माने घेतलं. कॉलेजची पोरगी. काय लाड केले तिने माझे! मैत्रिणी म्हणायच्या, "फोटो काय भारी येतात गं याचे!" मग काच तडकली, बॅटरी दम टाकू लागली, नवा फोन आला आणि मी तिच्या वडिलांच्या खिशात गेलो. जुनं ते सोनं म्हणतात, पण सोनं कुणी असं देऊन टाकतं का?

तिचे वडील ज्योतीराम मूळचे लातूरकडचे. राहायला निगडीत, दोन खोल्यांत. चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर कायम रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसा. कानात घालायचे बोळे कंपनीने दिले होते, पण ते खिशात माझ्या शेजारी मळत पडलेले. "बोळे घातले की मशीन काय म्हणते ते कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस घरी आल्यावर ते म्हणाले, "शिट्टी कुठं वाजायलीय?" पहिला संशय अर्थात माझ्यावर! मला बंद करून तांदळाच्या डब्यात कोंबलं. शिट्टी चालूच. मग फ्रिज बंद केला, शेजाऱ्यांच्या मिक्सरवरून भांडण काढलं. पण शिट्टी त्यांच्या कानातच होती. झोप पार उडाली. त्यांची बायको रुक्मिणी हाक मारायची आणि उत्तर यायचं नाही. तिला वाटायचं, हे मुद्दाम करतात.

शेवटी करिष्माने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी कान तपासले. "मशीनच्या आवाजाने झालंय. औषधाने हे जाईल असं मी सांगणार नाही. बोळे घाला आणि झोपताना एखादा हलका आवाज लावा. शिट्टी बुडवायची नाही, तिच्या सोबतीला दुसरा आवाज ठेवायचा, म्हणजे मन तिच्यावरून हटतं."

"औषध न्हाई, आणि म्हणे गाणं लावा!" ज्योतीराम बाहेर आल्यावर पुटपुटले. त्यांचा बाईंवरही विश्वास बसला नाही.

करिष्माने माझ्यात एक ॲप घातलं. त्यात झऱ्याचा आवाज, पंख्याचा आवाज, तानपुरा. ॲपने माइकची परवानगी मागितली आणि ज्योतीराम चपापले. "हे आपलं बोलणं कंपनीला कळवत तर न्हाई ना? कान गेलेत म्हणून कळलं तर मला मशीनवरून काढतील!"

"पप्पा, नका देऊ परवानगी. तानपुरा तरीही वाजेल," ती हसून म्हणाली.

तो वाजला, पण कसा? प्रेसवर शेजारच्याला काही सांगायचं तर मशीनपेक्षा मोठ्याने ओरडावं लागतं. तोच कायदा त्यांनी इथे लावला. इअरफोन घातले आणि आवाज पार वर नेला. "इतका आवाज कानांना घातक आहे," असं मी काचेवर लिहून दाखवलं. त्यांनी न वाचताच 'ठीक आहे' दाबलं. मित्रांनो, आमचं लिहिलेलं कोण वाचतो?

अशाच एका दुपारी ते झोपले होते. गॅसवर दूध ठेवून रुक्मिणी न्हाणीत गेली आणि दाराची कडी अडकली. दूध उतू गेलं, आच विझली.

"आवं, उठा! गॅस बंद करा, वास यायलाय!" तिने दार बडवलं. ॲपला माइकची परवानगी नसली, तरी माझे कान उघडेच होते. मी सगळं ऐकत होतो. ज्योतीरामांच्या कानात मात्र तानपुरा गर्जत होता. मी काय करू शकत होतो?

आणि माझी बॅटरी संपली! जिला सगळे नावं ठेवायचे, त्याच बॅटरीने लाज राखली. पुढचं मला चार्जिंगला लावल्यावर ऐकायला मिळालं. प्रेसवाला माणूस मशीनच्या धडधडाटात खुशाल झोपतो. मशीन थांबली की मात्र दचकून उठतो. ज्योतीरामही उठले. "मशीन का थांबली?" म्हणत इअरफोन काढले, तोच दारावरचे धक्के ऐकू आले, वास आला. धावत जाऊन त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, लाथ घालून कडी तोडली.

"किती हाका मारल्या! जाणूनबुजून पडून राहिलात?" रुक्मिणी बाहेर येताच ओरडली.

"खरंच ऐकू आलं न्हाई गं. मला लई भ्या वाटायलंय. मशीन जाईल म्हणून कुणाला बोललो न्हाई."

"मशीन जाऊ द्या चुलीत! कान गेले तर मी हाक कुणाला मारू?" असं म्हणून ती रडू लागली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीत सगळं सांगून टाकलं. प्रेस सुटली, पॅकिंग मिळालं. ओव्हरटाइम गेला म्हणून त्यांची कुरकुर चालू असते, पण बोळे आता कानात असतात. शिट्टी काही गेली नाही. तानपुरा मात्र हलका झाला. इअरफोन बंद, मला उशाशी ठेवतात. आवाज किती ठेवायचा ते रुक्मिणी ठरवते. ती स्वयंपाकघरातून हळूच विचारते, "चहा ठेवू का?" उत्तर आलं तर आवाज बरोबर. नाही आलं तर माझा आवाज कमी करायला ती हजर! विश्वास तिचाही कुणावर नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर संशय घ्या, माझ्या ॲपवर घ्या, पण माझी सूचना एकदा वाचा. आपल्या माणसाची हाक ऐकू येईल इतकाच माझा आवाज ठेवा.

काल दुपारी तिने विचारलं, "चहा ठेवू का?" उत्तर नाही. पदर खोचून ती तावातावाने आली, मला उचललं. आवाज हलकाच होता. ज्योतीराम गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग मला अलगद उशाशी ठेवलं आणि गॅस बंद आहे ना, ते पुन्हा एकदा बघून आली.