फलेसी आजीच्या अंगणातली सात डोकी

फलेसी आजीच्या अंगणाभोवती अख्खं गाव लोटलं होतं. रोज झाडून गुळगुळीत केलेल्या त्या जमिनीतून सात लालभडक गोळे वर आले होते. ना पान, ना फांदी. नुसती मान आणि तिच्यावर डोकं!

"मी काय म्हणालो होतो?" चेटूक हुडकायला परगावाहून आलेले लिंबानी बुवा गरजले. "पाऊस पडू द्या, दहा दिवसांत जमीन बोलेल! या चेटकिणीनं सात माणसं खाल्ली, त्यांची डोकी वर आली बघा! हात लावाल तर आंधळे व्हाल!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. पुढच्यांच्या हातात दगड होते. फलेसी आजी दारात बसून थरथरत होती. सूर्य मावळायच्या आत तिनं गाव सोडायचं, असं ठरलं होतं. सत्तरीची बाई, जाणार कुठे? ते सांगायची जबाबदारी बहुधा बुवांच्या खात्यात येत नसावी.

मसौको मागे उभा राहून दात-ओठ खात होता. तो गावातला थडगी खोदणारा. त्यानं ही 'डोकी' दर वर्षी पाहिली होती, स्मशानाच्या राईत. पण त्या राईत मयतीशिवाय कुणी पाऊल टाकत नसे, आणि खोदणाऱ्यांनी तिथलं पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी वाडवडिलांची शिस्त. बाकीचे तिघे खोदणारे खाली बघत होते.

"मरू दे ती शिस्त!" मसौको ओरडला आणि कुदळ घेऊन पुढे आला.

"अरे, आंधळा होशील!" मुखियाबाई नाचिसाले किंचाळल्या.

"मग मला हाताला धरून घरी सोडा, मावशी."

त्यानं घाव घातला. लाल गोळ्याखालून मातीसकट एक कांदा वर आला.

"घ्या, हे माणसाचं डोकं! आमटीत तेवढं घालू नका, विषारी आहे. हा कांदा उन्हाळाभर जमिनीत झोपतो, पाणी लागलं की आधी फूल काढतो, पानं मागाहून. यात कसली भुतं आलीत?"

"भुतानंच कांद्याचं रूप घेतलं!" बुवा म्हणाले. आवाज जरा बसला होता.

"आणि भुतानं वीत-वीत अंतर मोजून सरळ रांग धरली? बुवा, थंडीत तुम्हीच इथं अंगण शुद्ध करायला आला होता. चादर आडवी धरून काय पुरत होता?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. चादर सगळ्यांनी पाहिली होती. शुद्धीपायी घरटी एक कोंबडीही गेली होती.

मसौकोनं सगळ्यांना राईच्या कडेला नेलं. झाडांच्या सावलीत शंभरेक लाल गोळे डुलत होते. त्यांच्यात सात जुने खड्डे. बुवांनी तीन दिवस 'पितरांशी बोलत' मुक्काम ठोकला होता, तो नेमका तिथेच.

मागे वळून पाहतात तो बुवा पसार! दृष्टी शाबूत असलेला मसौको मात्र तिथेच होता.

मुखियाबाई आजीकडे परतल्या, गुडघे टेकून म्हणाल्या, "आजी, चुकलं आमचं. बुवानं फसवलं."

"बुवा परका गं," आजी म्हणाली. आता ती थरथरत नव्हती. "तुमची बाळंतपणं मी केली. सकाळी एवढी माणसं दगड घेऊन आलात माझ्या दारात. एकाला तरी कुदळ आणायचं का सुचलं नाही?"