चाळीचे पाच डबे आणि मी

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो, आणि परळच्या आमच्या चाळीत माझ्याइतके डोंगर कुणीच चढलेले नाहीत. याला तुम्ही खुशाल फुशारकी म्हणा. चाळीसेक वर्षं ओझं वाहिल्यावर एवढी तरी मारू द्या.

माझं कापड गिरणीतलं, जाड कॅनव्हासचं. सीताराम त्याच गिरणीत कामाला होते. त्यांनी चाळीखालच्या शिंप्याकडून मला शिवून घेतलं आणि रुंद चामड्याचे दोन पट्टे लावले. दर सुट्टीत ते मला पाठीवर घेऊन कर्जतकडच्या डोंगरातली लेणी बघायला पायी जात. सहा डिसेंबरला दादरहून घरी येताना माझ्यात पुस्तकं भरलेली असत. पुढे गिरणी बंद पडली, त्यांचे गुडघे दुखू लागले आणि एक दिवस तेही गेले. त्यांच्या पत्नी राधाबाईंनी मला स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवून माझ्यात कांदे भरले. जिथे पुस्तकं राहिली तिथे कांदे! मला फार वाईट वाटायचं, पण खुंटीवरून कुणाला सांगणार?

या वर्षी मे महिन्यात माझं नशीब फिरलं. राधाबाईंची सून प्रिती हिने ठरवलं, की मुलांना आजोबांची लेणी दाखवायची आणि तीही पायी. डोंगर अलीकडून चढायचा, लेणी बघायची आणि पलीकडच्या गावात सीतारामांचे जुने दोस्त जगदीशकाका यांच्याकडे मुक्काम करायचा. मुलं दोन: नऊ वर्षांचा सौमित्र आणि सहा वर्षांची सुरुची. दोघांनी आपापलं सामान आपापल्या पाठीवर न्यायचं, ही प्रितीची अट. मुलांचे बाबा राजरत्न यांची हॉस्पिटलात ड्युटी होती, त्यामुळे ते काही येणार नव्हते.

राधाबाईंना हे मुळीच पटलं नाही. एवढीशी पोर डोंगर कशी चढणार, हे त्यांनी दोन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. शेवटी म्हणाल्या, "जा. पण पोरीला उचलून आणावं लागलं, तर पुन्हा या सॅकचं नाव काढायचं नाही. मी तिच्यात परत कांदे भरीन."

प्रितीने "बरं आई" म्हटलं. तिच्या दृष्टीने मुलांच्या पुढच्या सगळ्या सहली पणाला लागल्या होत्या. माझं काय पणाला लागलं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगते. कुणी गावाला निघालं, की शेजारी डबा देतात. नाही म्हणायची सोय नसते. निघायच्या आदल्या दिवशी पाच डबे आले, पाचही जाड स्टीलचे, झाकणावर नावं कोरलेले. रमाबाईंनी शेंगदाण्याचे लाडू दिले. कुणी चिवडा, कुणी सुक्या जवळ्याची चटणी, कुणी शंकरपाळे, कुणी तिखट पुऱ्या. प्रिती म्हणाली, सगळं पिशव्यांत काढून घेते, ओझं कमी होईल. राधाबाईंना ते अजिबात चाललं नाही. माणसाने दिलेला डबा तसाच न्यायचा आणि परत देताना रिकामा द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मग काय, पाचही डबे माझ्या पोटात गेले आणि मी टम्म फुगले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने कर्जत गाठून आम्ही सकाळीच चढायला लागलो. सौमित्र पुढे पळत होता. सुरुची शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन दगड मोजत चालली होती. प्रितीच्या पाठीवर मी मात्र घाबरले होते. माझ्या उजव्या पट्ट्याची शिवण पावलागणिक उसवत होती आणि आतले डबे खणखण वाजत होते.

निम्म्या चढावर सुरुची एका दगडावर बसली ती उठेचना. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने दोन्ही हात वर केले.

"मम्मी, उचल ना मला."

प्रितीला खरंच उचलावंसं वाटलं. ती वाकली, आणि तिच्याबरोबर मीही पुढे कलंडले. पट्टा कर्रकन वाजला. प्रिती तशीच खाली टेकली. "कुठे घेऊ गं तुला?" ती म्हणाली. "पाठीवर अख्खी चाळ बसलीय."

सुरुची माझ्याकडे बघत राहिली. मग आईच्या खांद्याकडे, जिथे पट्ट्याने लाल वळ उठला होता. थोड्या वेळाने तिने माझं तोंड उघडलं आणि रमाबाईंचा डबा बाहेर ओढला. एक लाडू स्वतः खाल्ला, एक दादाला दिला, एक आईच्या तोंडात कोंबला.

"हा मी घेते," ती म्हणाली आणि डबा दप्तरात टाकून उभी राहिली.

ते पाहून सौमित्रने चिवड्याचा डबा काढून घेतला. माझा पट्टा सैल पडला. मित्रांनो, त्या पोरीने आईचा भार हलका केला आणि मला फाटण्यापासून वाचवलं. तासाभरात ती लेण्याच्या थंडगार दगडावर पाय पसरून बसली होती. आजोबा इथेच बसायचे का, असं तिने आईला विचारलं. मला बोलता आलं असतं, तर बरोबर जागा दाखवली असती.

संध्याकाळी जगदीशकाकांच्या अंगणात डबे रिकामे झाले. रिकामे न्यायचे नाहीत हे मुलांच्या पक्कं लक्षात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरामागच्या जाळीत शिरून, काटे खात, त्यांनी पाचही डबे करवंदांनी काठोकाठ भरले. पिशव्या असत्या तर वाटेत सगळ्या करवंदांचा चिखल झाला असता. त्या जड डब्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

आम्ही चाळीत शिरलो तेव्हा राधाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सुनेला विचारलंच नाही. सौमित्रला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं सांग. हिला किती उचललं?"

"नाय उचललं, आजी. हिनेच रमाबाईंचा डबा उचलला."

राधाबाईंनी सुरुचीचे खरचटलेले हात बघितले, तिला जवळ घेतलं आणि सगळ्या शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं. सुरुचीने ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या हातात दिला. रमाबाईंनी झाकण उघडलं आणि काळ्याभोर करवंदांकडे बघत बसल्या. त्या दिवशी अख्ख्या चाळीचे ओठ जांभळे झाले होते, आणि मी तिथेच उंबऱ्यावर ऐटीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी राधाबाईंनी मला साबणाने धुतलं आणि गॅलरीत वाळत घातलं. दुपारी चष्मा लावून माझा उजवा पट्टा दुहेरी दोऱ्याने शिवला. शिवता शिवता त्यांनी सुनेला विचारलं, "दिवाळीत कुठं नेतेस पोरांना?"

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी खुंटीला लटकत असेल. त्याची शिवण बघा, पट्टे घट्ट करा आणि त्याला एकदा डोंगर दाखवा. आमची काळजी घेतलीत, तर आम्हीही तुम्हाला अर्ध्या वाटेवर सोडणार नाही. माझं म्हणाल, तर खुंटी अजून तीच आहे, पण कांदे आता टोपलीत असतात.