घरबसल्या डिग्री

पावस गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या चिऱ्याच्या घरात त्या सकाळी नेहमीचीच धांदल होती. मागच्या पडवीत गुणवंती बांगडे साफ करत होती. तिची मुलगी भाविका पहिल्या एसटीने रत्नागिरीला कॉलेजात गेली होती. आणि आतल्या खोलीत, दार लावून, गुणवंतीचा नवरा महिपत शिकत होता.

महिपत बारावी होताच फौजेत गेलेला. दोन वर्षांमागे हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो घरी आला, तेव्हा त्याला कळलं की हाती पदवी नसलेल्या माजी सैनिकाला बहुतेक ठिकाणी गेटवरचीच नोकरी सांगतात. मग जुन्या पलटणीतल्या एकाने मुक्त विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीची माहिती दिली. वर्ग मोबाईलवर, पुस्तकं मोबाईलवर, नोकरीत घेतलेल्या प्रशिक्षणाचीही दखल घेतली जाणार. महिपतने लगेच प्रवेश घेतला. त्याच्या वर्गात साताऱ्याचे, जम्मूचे, केरळचे निवृत्त जवान होते. कुणी शेताच्या बांधावरून ऐकायचा, कुणी एटीएमबाहेरच्या खुर्चीवरून. चाळिशी ओलांडलेली ही माणसं पोरांसारख्या शंका विचारायची, एकमेकांना नोट्स पाठवायची. चांगलंच होतं ते. गुणवंतीलाही ते कळत होतं, आणि तरीही तिच्या पोटात दुखायचं.

महिपतचा वर्ग सुरू झाला की घर चिडीचूप व्हायचं. सासूबाई, कमलाबाई, आपली मालिकासुद्धा बंद करायच्या.

"गो, भांडी हळू घास. पोरगा शिकतोय आत."

बेचाळीस वर्षांच्या पोराला चहा दारापर्यंत जायचा. शेजारी कुणी मोठ्याने बोललं तर कमलाबाई घरापुढच्या खळ्यात जाऊन त्यांना गप्प करून यायच्या. गुणवंतीला नवऱ्याच्या पुस्तकांचा हेवा नव्हता. हेवा होता त्या लावलेल्या दाराचा, आणि त्या दाराला घरातल्या सगळ्यांनी दिलेल्या मानाचा.

लग्न ठरलं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "फौजीची बायको होणार, डिग्री काय चुलीत घालायचीय?" असं म्हणून दोन्हीकडची माणसं हसली होती. लग्नानंतर तिने परीक्षेचं विचारलं, तेव्हा कमलाबाई "बघू" म्हणाल्या. मग सासरे अंथरुणाला खिळले, मग भाविका झाली. महिपत सीमेवर होता. ते "बघू" तसंच राहून गेलं.

त्या दिवशी महिपतला वर्गात सर्वांसमोर बोलायचं होतं. दाराआडून त्याचा आवाज आला, "गुड मॉर्निंग सर, माझा विषय आहे..." गुणवंतीने ओलं खोबरं आणि मिरच्या मिक्सरात टाकल्या आणि बटण फिरवलं. वाटण झालं तरी तिने मिक्सर चालूच ठेवला.

कमलाबाई धावत आल्या. "बंद कर तो! अक्कल हाय का नाय तुला?"

थोड्या वेळाने महिपत बाहेर आला. तो ओरडला नाही. "सरांनी माईक बंद करायला सांगितला. थोडं थांबता आलं नसतं?"

"जेवण थांबतं का?" ती म्हणाली, आणि वाटण काढू लागली. तिला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

पुढच्या रविवारी महिपतचे मामा, रावजी, भाविकासाठी स्थळ घेऊन आले. मुलगा फौजेत, घरी आंब्याची बाग, मागणी कसलीच नाही. मुलाचे आईवडील सोबतच आले होते. मुलाला मेमध्ये सुट्टी होती, तेव्हाच लग्न उरकायचं होतं. भाविका तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती.

चहाचा ट्रे ठेवता ठेवता ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मग माझी प्रॅक्टिकल्स?"

"विषय बदलता येतो, बेटा," महिपत समजावणीच्या सुरात म्हणाला. "आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. सासरी राहून, मोबाईलवर डिग्री करायची. मी करतोच आहे ना?"

"घरबसल्या डिग्री," रावजीमामा खूश होऊन म्हणाले. "मग कॉलेज हवंय कशाला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दारात उभ्या असलेल्या गुणवंतीच्या मनात तेव्हा जे आलं, त्याची पुढे कितीतरी दिवस तिला भीती वाटत राहिली. मुलीचा उतरलेला चेहरा बघून तिला क्षणभर समाधान वाटलं. थांबू दे हिचंही. मग मी एकटी उरणार नाही.

क्षणभरच. पण कमलाबाईंनी आपल्याला "बघू" म्हटलं तेव्हा त्यांच्याही मनात हेच आलं असेल का, हा विचार लगेच मागून आला आणि ती हादरली. पदर सावरत ती पुढे झाली आणि मुलाच्या आईसमोर बसली.

"ताई, एक विचारू? पोरीचा वर्ग चालू असेल तेव्हा तुमच्याकडे भाकऱ्या कोण करील?"

त्या बाई हसल्या. "अगो, बायकांनी वेळ काढायचा असतो. सगळ्याच काढतात."

"यांच्या वर्गाला वेळ मी काढते. माझ्या सासूबाई काढतात. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, चहा दाराशी जातो. माझ्या मुलीसाठी तुमच्याकडे हे कोण करणार, तेवढं सांगा. मग पुढचं बोलू."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"गुणवंती," रावजीमामा म्हणाले, "बायकांनी मध्ये पडायचं नसतं."

"माझ्या वेळेला मी मध्ये पडले नव्हते, मामा."

"आत जा," महिपत हलक्या आवाजात म्हणाला.

ती गेली नाही. "भाविकाचं कॉलेज पुरं झाल्याशिवाय तिचं लग्न होणार नाही. हे मी आई म्हणून सांगते."

पाहुणे उठले. कमलाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. वाडीत चर्चा झाली की नवऱ्याच्या शिक्षणावर जळते, म्हणून लेकीचं चांगलं स्थळ मोडलं.

काही दिवस महिपतही घुम्यासारखा वागत होता. एका संध्याकाळी ती पडवीत काजूच्या बिया निवडत असताना तो समोर येऊन बसला.

"लोक म्हणतात, तू माझ्यावर जळतेस."

"जळते," गुणवंती म्हणाली. "तुम्ही शिकू नये असं नाही वाटत मला. पण तुम्ही दार लावून घेता ना, तेव्हा जळते."

तोही समोरच्या बिया निवडू लागला. मग म्हणाला, "तुझा विषय कुठला होता?"

लग्नाला वीस वर्षं होत आली होती. हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"भूगोल. तुमची बदली झाली की मी नकाशात ते गाव शोधायची."



त्या महिन्यात रत्नागिरीला माजी सैनिकांचा मेळावा होता. ऑनलाइन शिक्षणाबद्दल माहिती द्यायला महिपतला बोलावलं होतं. प्रवेश कसा घ्यायचा, परीक्षा कशा होतात, ते त्याने सगळं सांगितलं. शेवटी त्याने समोरच्या जवानांना विचारलं, "तुमच्या बायकांचं शिक्षण कुठे थांबलं, सांगाल?" काहीजण हसले. पुष्कळांना उत्तर माहीत नव्हतं. एक सुभेदार उठून बाहेर गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

भाविका कॉलेजात जाते आहे. जुलैत गुणवंतीने त्याच मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला, पहिल्यापासून. महिपत तिसऱ्या वर्षाला पोचला आणि आपण पहिल्याला, याचा तिला अजून हेवा वाटतो, आणि तसं ती त्याला तोंडावर सांगते. तिच्या वर्गाच्या वेळेला भात तो लावतो; कधी करपतोही. कमलाबाई अजून नीट बोलत नाहीत.

घरबसल्या शिकता येतं, हे आता खरं झालं आहे. पण ज्या बाईला घरात बसायलाच मिळत नाही, तिने काय करायचं? तुमच्या घरातली कुणी अशी कितवीला, कुठल्या वर्षाला थांबली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर हा पेपर खाली ठेवा आणि तिला जाऊन विचारा.