उंच काकांनी काय सांगितलं होतं

मी एका वर्तमानपत्रात टीव्ही मालिकांची परीक्षणं लिहिते. परवा एका विज्ञानकथा मालिकेचा नवा भाग प्रसारणाआधी पाहायला मिळाला, तो दुपारी घरीच लावला. बाबाही येऊन बसले. अंतराळयानांशी त्यांना काही देणंघेणं नाही, पण घरातला बरा पंखा त्याच खोलीत आहे.

गोष्ट अशी होती. एका यानातली हवा हळूहळू कमी होते. कोणीतरी मुद्दाम करतंय अशी शंका येते, म्हणून एक चौकशी अधिकारी येते. ती आवाज चढवत नाही. एकेकाला आत बोलावते, पाणी देते आणि बोलता बोलता म्हणते, "तुमच्या मित्राने तुमच्याबद्दल सांगितलंय, बरं का." सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. शेवटी कळतं, की एक झडप झिजली होती. कोणाचाच हात नव्हता. त्यानंतर बराच वेळ नुसतं यानातलं जेवणघर दिसतं. जो तो आपलं ताट उचलून आपापल्या खोलीत जातो.

मी लॅपटॉपवर लिहिलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "शेवट उगाच ताणलाय."

"उगाच नाही," बाबा म्हणाले. "ते परत लाव."

मी लावलं. त्यांनी पुढे वाकून ते सगळं पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडे आला होता तो साहेब असाच. फार गोड बोलायचा."

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. मी लहान असताना तिथल्या केबल सारख्या तुटायच्या, मोठी चौकशी झाली आणि अखेर उंदीर निघाले. आमच्या घरात हा किस्सा हसण्यावारीच सांगितला जायचा. त्याच सुमारास उंच काका यायचे बंद झाले. ते बाबांचे जिवलग मित्र. आमच्या दारातून वाकून आत येत आणि मला खांद्यावर बसवत. त्यांची बदली झाली असं मी धरून चालले होते.

"बदली कसली? निवृत्त होईपर्यंत माझ्या समोरच्याच टेबलावर होता," बाबा म्हणाले. "कामापुरतं बोलायचो."

"का पण?"

"त्याने माझं नाव घेतलं होतं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाबा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभे. "तुझ्या गाडीत पेट्रोल आहे ना?"

उंच काकांनीच दार उघडलं. आता ते पूर्वीइतके उंच वाटले नाहीत. बाबांकडे क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "ये. चपला आत काढ, बाहेर कुत्रा पळवतो."

आम्ही बसलो. तब्येती, गुडघे, मुलंबाळं असं सगळं विचारून झालं. मग बाबांनी एकदम विचारलं, "तेव्हा तू त्या साहेबाला माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

काकांना कुठला साहेब, हे विचारावं लागलं नाही. "केबलच्या खोलीच्या चाव्या कोणाकडे असतात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझ्याकडे."

"म्हणजे सांगितलंसच!"

"अरे, चाव्या तुझ्याकडेच होत्या ना? मग काय चपराशाचं नाव सांगू?"

बाबा म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यावर ढकलून मोकळा झालास."

"मग तेव्हाच विचारायचंस."

"तू तरी कुठे आलास?"

"तू बघायचाच नाहीस माझ्याकडे! मला वाटलं, तूच माझं नाव घेतलंस, म्हणून नजर चुकवतोयस."

मला तिथे बसणं अवघड वाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तिथल्याच टेबलाशी बसून फोनवर परीक्षण नव्याने लिहिलं. जेवणघराचं ते लांबलेलं दृश्यच या भागातलं सगळ्यात खरं आहे, असं लिहिलं. बाबांचा उल्लेख केला नाही. संपादकांना पाठवलं आणि बाहेर आले तर दोघं त्या साहेबाच्या बोलण्याची नक्कल करत होते. काका जास्त चांगली करत होते.

"निघायचं का?" मी विचारलं.

"तू जा," बाबा म्हणाले. "हा सोडेल मला."

"काका, तुम्ही अजून गाडी चालवता?"

"हो तर," काका म्हणाले.

"तो पूर्वीही फार चांगली चालवत नव्हता," बाबा म्हणाले आणि खुर्चीत आरामात मागे टेकून बसले.