मान्य

माझ्या धाकट्या भावाला सगळे ढब्बू म्हणतात. जन्मला तेव्हाच इतर बाळांच्या दुप्पट होता, आणि आता हेवीवेट गटात बॉक्सिंग करतो. त्याच्या लढती मी ठरवते. बाईमाणूस आणि हा धंदा, म्हणून तोंड वाकडं करणारे खूप भेटले. त्यातल्या निम्म्यांना मी रडवलंय.

पण जगज्जेतेपदाच्या लढतीने मलाच रडवलं. लोकांना वाटतं, दोन तगडे गडी आहेत, रिंग आहे, मग अडलंय कुठे? अहो, त्यापेक्षा लग्न जमवणं परवडलं. लग्नात निदान दोन्हीकडच्यांना ते व्हावं असं वाटत असतं. इथे चॅम्पियनला पट्टा सांभाळायचा असतो, आणि त्याचा खात्रीचा उपाय म्हणजे आपल्याला हरवू शकेल अशाशी न लढणं. मग कारणं निघतात. पोस्टरवर पहिलं नाव कुणाचं? रिंगमध्ये आधी कोण उतरणार? कारण मागून येतो तो मोठा. दाखवायची कुठल्या चॅनेलवर? दोघांचे चॅनेल वेगळे, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे. त्यात पट्टे वाटणाऱ्या संघटनाही एक नाहीत, एकीचं समाधान केलं की दुसरी रुसते. आणि सगळ्यांच्या वर रीमॅचची अट. चॅम्पियन हरलाच तर त्याला लगेच पुन्हा लढायला मिळालं पाहिजे. ती अट चॅम्पियनची माणसं मेली तरी सोडत नाहीत.

चॅम्पियनच्या मॅनेजरला मी गोडबोल्या म्हणते. दोन वर्षं त्याला काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बघू, ताई." बघू म्हणजे नाही, हे काय मला कळत नव्हतं? कधी चॅम्पियनचा खांदा दुखायचा, कधी हॉल मिळायचा नाही. इकडे ढब्बू दर वेळी तयारीला लागायचा. तयारी म्हणजे रोज सरावात डोक्यावर ठोसे खाणं. मग लढत पुढे ढकलली जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. लढत होत नव्हती, पण मार मात्र चालूच होता. तेव्हा हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

या सोमवारी गोडबोल्याने ऑफिसात बोलावलं. पाण्याचा ग्लास स्वतः पुढे केला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पोस्टरवर दोन्ही नावं शेजारी, मान्य. दोन्ही चॅनेल मिळून दाखवतील, मान्य. मग त्याने पेन उचललं आणि रीमॅचच्या अटीवर स्वतःच काट मारली. म्हणाला, आम्हाला नको ती, एकच लढत पुरे.

मी सही केली. आनंदाने नाचायचं सोडून जिन्यातच थांबून मी ती काट मारलेली अट पुन्हा वाचली.

जिममध्ये म्हातारे कोच बसून बँडेजची भेंडोळी करत होते. बातमी ऐकून त्यांनी अभिनंदन केलं नाही. रीमॅचवर काट कुणी मारली, एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, की ढब्बूसमोर सरावाला उभा राहायचा तो पोरगा आपल्याला सोडून गेला ना, तो आता चॅम्पियनकडे आहे.

"त्याने इथे काय पाहिलं, कोच?"

"तुझ्या भावाला विचार."

विचारलं तर तो थापा मारणार, हे मला ठाऊक होतं. लहानपणी आमचा एक खेळ होता. न सांगता एकमेकांवर काहीही फेकायचं. चेंडू, चप्पल, एकदा तर अंडं. ढब्बूने आयुष्यात एक झेल सोडला नव्हता. तो बाकावर बूट बांधत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि किल्ल्यांचा जुडगा फेकला.

जुडगा त्याच्या गालावर आदळला. तो इतका दचकला की मलाच रडू फुटलं.

मग सगळं बाहेर आलं. सरावात ठोसा बसला होता, तेव्हापासून डाव्या डोळ्यापुढे अंधार होता. डॉक्टरांच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता गड्याने पाठ केला होता. चॅम्पियनचा उजवा हात नेमका त्याच बाजूने येतो, आणि त्या हाताने एकाला कायमचं अंथरुणाला खिळवलंय. मी म्हटलं, मर मेल्या, मला आधी सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू लढत होऊ दिली नसतीस. तू माघार घेतलीस तर मी दुसरा मॅनेजर बघेन, पण लढेन.

मी जिमच्या ऑफिसात शिरले. लढती मोडतात कशा, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? गोडबोल्याला फोन लावला. म्हटलं, आमचा माणूस रिंगमध्ये मागून उतरणार. वाटलं, आता बघू म्हणेल.

"मान्य, ताई."

कपडे बदलायची मोठी खोली आम्हाला. मान्य. पोस्टरवर आमचंच नाव आधी. मान्य. हॉल बदला. तोही मान्य. दोन वर्षांत ज्या माणसाकडून एक होकार निघाला नव्हता, त्याच्याकडून आता नकार निघेना. शेवटी मी बोलूनच टाकलं.

"त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

पलीकडून तोच गोड आवाज.

"हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. अजून काही अट, ताई?"

फोन ठेवून वळले तर दारात ढब्बू. त्याने सगळं ऐकलं होतं. आता एकच वाट उरली होती. परवाना देणारं मंडळ रस्त्यापलीकडच्या इमारतीत बसतं. तिथल्या डॉक्टरांच्या कानावर हे घातलं की परवाना रद्द, आणि ढब्बूचं बॉक्सिंग कायमचं संपलं. त्यालाही ते कळलं होतं.

"ताई, तिकडे गेलीस तर तुला भाऊ नाही समज," तो म्हणाला. "आणि मी इथून हलणार नाही."

नाहीच हलला. उघड्या दारात पाय रोवून उभा राहिला, तरी त्याच्या डावीकडे माझ्याएवढी जागा उरली. बाहेर दोरीच्या उड्या चालू होत्या, कुणीतरी बॅगवर दणादण ठोसे मारत होतं. उजवीकडून कोचनी त्याला हाक मारली आणि त्याने मान वळवली. मुद्दाम मारली असेल, मी विचारलं नाही.

मी चपला हातात घेतल्या आणि त्याच्या डाव्या बाजूने निघून गेले. त्याला कळलंच नाही.