देवीची दुसरी वहाण

हिनोसावा गावात तोयोनो आजीच्या नाकावर माशी बसत नसे. बसलीच तर ती माशी परगावची समजावी.

आजीचं घर वहाणकर आळीत, आणि घर मानाचं. शरदातल्या उत्सवाला आळीचा रथ निघे. त्याच्या माथ्यावर डोंगरदेवी पाय खाली सोडून बसलेली असे. तिच्या डाव्या पायात भाताच्या पेंढ्याची नवी वहाण घालायची, ती या घरच्या बाईनंच. शिडी लावून वर चढायचं तेही तिनंच. पुरुषाचा हात देवीच्या पावलाला लागायचा नाही, मग तो कितीही मोठा शहाणा असो. उजवा पाय मात्र उघडाच राही. देवी म्हातारीच्या वेशात गाव बघायला उतरली, तिची एक वहाण नदीत वाहून गेली, एका वहाणेवर बर्फातून डोंगर चढवेना म्हणून ती राहिली आणि राहता राहता गावचीच झाली, असं सगळे सांगत. निदान गाव तरी असं सांगे.

यंदा आजीची बोटं आखडली होती. जेवणाच्या काड्यांतून मुळ्याची फोड निसटून ताटात पडे, आणि आजी मुळ्यालाच शिव्या घाली.

"आई, वहाण मी विणू का?" सून चिगुसा म्हणाली.

"तू? तुझ्या माहेरी माशांची जाळी विणतात. देवीला काय कोळंबी समजलीस?"

"जाळं विणणाऱ्याला वहाण जड नाही."

"जीभ बरी चालते. हात चालव तशी."

पण पेंढा आजीनंच काढून दिला. निवडलेला, पाणी मारून लाकडी हातोड्यानं कुटून मऊ केलेला. चिगुसा पेंढा पायाच्या अंगठ्यात अडकवून विणायला बसली, आणि आजी चहा पिण्याच्या निमित्तानं समोर बसली. "पीळ घट्ट दे. ढिला पीळ म्हणजे ढिलं घर." तिला बोलायचं होतं वेगळंच.

आजीचा मुलगा इसामू, चिगुसाचा नवरा, गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. मूलबाळ नव्हतं. समुद्राकाठच्या गावाहून चिगुसाच्या आईचा फोन येई: आता तिथं तुझं कोण आहे? उत्सव उरकला की ये निघून. चिगुसा हळू आवाजात "बघते" म्हणे. फोन वाजला की आजी स्वयंपाकघरात भांडी आपटायला घेई, आणि भांडी आपटत एकूण एक शब्द ऐके.

'राहा' म्हणायला एवढं काय लागतं? दोन अक्षरं. पण त्या घराला मागून घ्यायची सवय नव्हती. आजीला वाटे, पोरगी अजून तरुण आहे, म्हातारीच्या उशाशी बसून तिनं काय करावं? आणि लगेच वाटे, ही गेली तर सकाळी मी भांडू कुणाशी?

उत्सवाच्या सकाळी आजीचे गुडघेही बोटांच्या बाजूनं झाले. पडदा लावलेल्या रथावर शिडी चढून चिगुसानंच देवीला वहाण घातली. आजी घरी तांदळाचे गोळे वळत बसली, गावातल्या प्रत्येक बाईचे गोळे कसे फुटतात ते स्वतःलाच सांगत.

बासरी आणि ढोल ऐकू आले तशी ती पुलापाशी येऊन उभी राहिली. रथ आला. लाकडी चाकं करकरत होती, दोराला सगळी आळी लागली होती. पुलाच्या तोंडाशी पडदा उघडला. ढोल थांबला. बासरीवाला एक सूर ओढून मग थांबला, कारण त्याला नेहमीच उशिरा कळे.

देवीच्या दोन्ही पायांत वहाणा होत्या.

दोरकऱ्यांचा म्होरक्या तोराजी, आजीच्या बरोबरीचा म्हातारा, डोक्याचा पंचा सोडून कपाळ पुसत आला. "तोयोनो, हे काय गं? दोन्ही वहाणा घातलेली देवी पुलापलीकडे न्यायची? रस्ता सरळ डोंगराला जातो. ती परत येईल होय?"

"मला काय विचारतोस? मी विणली का?"

"मग कुणी?"

चिगुसा पुढे आली. चेहरा लाल, पण मान ताठ. ताठपणा कुणाकडून उचलला, ते गावाला ठाऊक होतं.

"मी विणल्या. इतकी वर्षं एका उघड्या पायानं बसलीय ती. थंडी पडायला लागली. म्हटलं, निदान जायचं झालं तर जाता तरी येईल तिला."

तोराजी काहीतरी पुटपुटला. वहाण काढावी तर पुरुष हात लावू शकत नव्हते, आणि चिगुसा शिडीकडे वळतही नव्हती. रथ मागे फिरवायची रीत नव्हती. पुढे न्यायची कुणाची छाती नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "बाहेरून आणलेली सून!" आणि तोयोनो आजीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती दोन पावलं मागे सरली.

"बाहेरून आणलेली? आणि तू काय याच पुलाखाली उगवलीस? माझ्या सुनेला बोलायचा हक्क एकटीचा आहे, आणि ती एकटी मी. तोराजी, शिडी लाव."

"तुझे गुडघे, बाई! पडशील."

"पडले तर तुझ्याच डोक्यावर पडेन. ते मऊच आहे."

शिडी लागली. आजी चढली. एकेका पायरीला गुडघा कुरकुरत होता, आणि आजी गुडघ्याला दम देत होती. खाली चिगुसा दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती.

देवीच्या पावलाशी पोचल्यावर आजीनं वहाण पाहिली. पीळ घट्ट होता. टाचेचा फास तर तिच्या स्वतःच्या हातचा वाटावा असा. तिनं फासावरून आखडलेलं बोट फिरवलं, आणि खाली बघून ती जोरात ओरडली.

"ऐका रे सगळे! वहाण नदीत वाहून गेली म्हणून सांगता ना? नदीला काय करायचीय वहाण? आमच्या घरच्या बाईनं चोरली ती! त्या रात्री म्हातारीला सगळ्या गावानं दारं लावली, तुमच्या पणज्यांनीसुद्धा. आमच्या बाईनं घरात घेतली, गरम सूप पाजलं. सकाळी म्हातारी निघाली. बाहेर बर्फ, म्हातारी थकलेली. बाई मानी. राहा म्हणता येईना. म्हणून एक वहाण उचलली आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात दडवली! सासू सुनेला सांगते, आणि सून तिच्या सुनेला. मी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं."

असं म्हणून तिनं देवीच्या उजव्या पायातली वहाण ओढली आणि सरळ किमोनोच्या बाहीत घातली. "झाली चोरी. ओढा रथ!"

आधी तोराजी हसला, मग दोर हसला, मग ढोल सुटला. बासरी जरा उशिरानं. रथ पूल चढला. आजी उतरली तेव्हा चिगुसा हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हींची तिला लाज वाटत होती.

"आई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"लोणचं मुरायला वेळ लागतो," आजी म्हणाली आणि तोंड फिरवून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं चिगुसा माहेरी निघायची होती. बॅग दारात होती. आजी आतल्या खोलीत, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलावर पांघरलेल्या रजईत पाय खुपसून बसली होती, शेजारणीच्या मांजराला नावं ठेवत. मांजर तिथं नव्हतं.

"आई, माझा एक बूट दिसत नाही."

"नीट बघ. वेंधळी ती वेंधळी."

"बघितलं."

"मग नदीत गेला असेल."

मग अनवाणी पावलं दारातून स्वयंपाकघरात गेली, थेट कोपऱ्यातल्या पिंपाकडे. झाकणावरचा दगड सरकवल्याचा आवाज आला. आजीनं डोळे मिटले.

चिगुसा येऊन तिच्यासमोर बसली. हातात कागदात नीट गुंडाळलेला बूट होता.

"पिंपाच्या झाकणावर, दगडाआड ठेवला होतात. आत नाही."

"लोणचं नासवीन एवढी का मी खुळी आहे?"

"आई," चिगुसा म्हणाली, "देवीला कुणी 'राहतेस का' विचारलं नाही, आणि तिनंही 'राहू का' विचारलं नाही. मी विचारते. मी राहावं असं वाटतं का तुम्हाला?"

आजीनं खिडकीकडे पाहिलं. मग हातांकडे पाहिलं. बोटं आखडलेलीच होती.

"तुझ्या आईला वाईट वाटेल."

"आईला भेटून येईन. ते मी बघते. मी तुम्हाला विचारलं."

"राहा," आजी म्हणाली. म्हणताना कपाळाला एवढ्या आठ्या पडल्या, जणू कुणी तिचा दात उपटत होतं. "राहा गं बाई. झालं समाधान?"

चिगुसानं कागद सोडला आणि बूट नाकाशी नेला.

"मुळ्याचा वास येतोय याला."

"येणारच," आजी म्हणाली. "देवीलाही येत असेल. कुरकुर केली का तिनं कधी?"