पोटात चीर असलेला हिरा

मित्रांनो, मी एक जुना हिरा आहे. पूर्ण हिरा आता मी नाही. तांदळाच्या कणीएवढा तुकडा उरलो आहे आणि लताबाईच्या कमरेच्या बटव्यात राहतो. तरी मी खरा आहे. एवढे तीन शब्द मला वेळेवर बोलता आले असते, तर एका बापाला लेकीचे दार बंद झाले नसते.

जमिनीच्या पोटात मी किती काळ होतो ते मला माहीत नाही. सुरतेच्या कारागिराने मला चाकावर घासून पैलू पाडले. माझ्या पोटात केसासारखी एक चीर होती आणि अंगावर हळदीसारखी किंचित पिवळी झाक. कारागिराने ती चीर पाहिली, आणि तेवढा भाग सांभाळून घासला. पुढे मी जळगावच्या सराफ बाजारात शालिग्राम शेठच्या दुकानात आलो. त्यांनी मला चहूबाजूंनी सोन्याच्या कोंदणात बसवले. चीर कडेखाली झाकली गेली.

१९८३ साली शिरपूरकडचे अभिमन आबा दुकानात आले. कापसाचे शेतकरी, पांढरे पागोटे, ताठ मान. एकुलत्या लेकीचे, लताचे लग्न ठरले होते आणि जावयाला हिऱ्याची अंगठी द्यायची त्यांनी हौस धरली होती. शेठनी भिंग पुढे केले.

"आबा, आधी यातून बघा. मग बोलू."

आबा हसले. "शेठ, मी मानूस पारखस, खडा नही."

खरी गोष्ट वेगळी होती. चारचौघांत भिंग डोळ्याला लावायचे, आणि काय दिसते ते कळायचे नाही, याची त्यांना लाज वाटली. शेठनी माझी सगळी हकिकत एका चिठ्ठीवर लिहिली आणि म्हणाले, "वाचून घ्या." आबांना अक्षर येत नव्हते. वाचणाऱ्याला लागतो तेवढा वेळ ते कागदाकडे बघत राहिले, मग त्यांनी तो घडी करून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवला. दुकानात गर्दी होती. शेठही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी सोनगीरला आलो, लताच्या नवऱ्याच्या, झुलालच्या बोटात. दोन वर्षे माझे कौतुक झाले. मग शेजारच्या चिंधाने सुरतेहून अमेरिकन डायमंडची अंगठी आणली. तो हिरा नसतो, मित्रांनो, कारखान्यात केलेला खडा असतो. पण पांढराशुभ्र चमकतो. चिंधाने ओट्यावर सगळ्यांसमोर आपला हात माझ्याशेजारी धरला.

"देख झुलाल, मनी कशी चमकस! तुना हिरा तं हळद लायेल नवरदेवना मायक दिखस."

सारा ओटा हसला. त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. लताचे सासरे चुडामण नाना हसले नाहीत, पण त्यांनी मला उन्हात धरून उलटसुलट पाहिले. लता भाकरी थापता थापता सगळे ऐकत होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आबा लेकीला माहेरी न्यायला आले. अजून पाणीही घेतले नव्हते, तोच नानांनी विचारले, "याही, हाऊ हिरा शे का काच?"

आबांचा चेहरा काळवंडला. खऱ्या हिऱ्यावर घण घातला तरी तो फुटत नाही, असे त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. आपल्याकडे कोणी ऐकलेले नाही? ते उठले आणि मला घेऊन तडक तांबट आळीत गेले. मागे नाना, झुलाल, चिंधा, निम्मी गल्ली. पदर सावरत लताही आली.

झिपरू तांबट हंडा ठोकत होता. त्याने हात थांबवला. "आबा, घन भांडासाठे रहास. खडासाठे सराफ शे. धुळे काय लांब शे?"

"खरा हिराले घन काय करी? काढ कोंदनमाईन. मार तू." आणि नानांकडे वळून आबा म्हणाले, "फुटना, तर मी परत तुमना उंबरा चढाव नही."

"आबा, नको," लता म्हणाली. तिचे कोणी ऐकले नाही.

हिरा कठीण, म्हणजे त्यावर ओरखडा पडत नाही. मार सोसायचा गुण निराळा. घण पडला आणि माझ्या पोटातली ती चीर उघडली. मी फुटलो. क्षणभर तांबट आळीत एकही हातोडा वाजला नाही. मग चिंधा खाकरला. त्याची अंगठी ऐरणीवर ठेवावी, असे कोणालाही सुचले नाही.

आबा खाली वाकले नाहीत. पागोटे सारखे करून हमरस्त्याकडे चालत गेले. माझा हा एक तुकडा लताने राखेतून उचलला.

शालिग्राम शेठला जाब विचारायलाही आबा गेले नाहीत. माणूस पारखतो म्हणून सांगून आलेला माणूस कोणत्या तोंडाने जाणार? दर आखाजीला ते सोनगीरच्या फाट्यावर उतरत, चहाच्या टपरीवर बसत आणि सांजोऱ्यांचा डबा कोणाच्या तरी हाती पाठवत. लता घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, चढून बघे. लांबून पांढरे पागोटे दिसे. तिने सासऱ्यांना कितीदा विनवले. नाना म्हणत, शब्द त्याचा आहे, मी कसा मोडू? आणि बाप घरी न्यायला आल्याशिवाय सुनेला माहेरी धाडायचे नाही, ही घरची रीत. तिला मुलगा झाला, तो चालायला लागला, तरी आजोबांनी त्याला मांडीवर घेतले नाही. सहा आखाज्या अशा गेल्या. सातव्या आखाजीला टपरीवर कोणी नव्हते; त्याआधीच आबा वारले होते.

पुढच्या वर्षी गावात दुपारचे साक्षरतेचे वर्ग निघाले. लता पाटी घेऊन बसली. आबांच्या पश्चात नानांनी तिला माहेरी धाडले, तेव्हा आई तानुबाईने आबांच्या कोपरीतली चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. "वाच वं माय, काय लिखेल शे."

लताने बोट ठेवून एकेक अक्षर लावले. खरा हिरा. वजन पाव कॅरेट. रंग पिवळसर. पोटात चीर. ठोका लागू देऊ नये.

तानुबाईने भिंतीला पाठ टेकली.

सोनगीरला परतून लताने तीच चिठ्ठी सासऱ्यांना वाचून दाखवली. नाना आता खाटेला खिळले होते. "हाई आते माले काय सांगी राह्यनी, माय? तुना बापले सांगाले जोयजे व्हतं."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणासाठी तरी हौसेने हिरा घ्यायला जाल. तेव्हा नुसत्या चमकण्याला भुलू नका. रंग विचारा, वजन विचारा, पैलू नीट पडलेत का ते बघा, कोंदणाच्या कडेखाली काय झाकले आहे ते विचारा. कागद वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. त्यात कसली लाज? भिंग पुढे केले तर डोळा लावा. मी डागी होतो, पण खोटा नव्हतो, आणि हे कळायला घण लागत नव्हता.

लता अजून आखाजीला धाब्यावर चढते. बटव्यात मी असतो. खाली रस्ता दिसतो, टपरी दिसते. ती थोडा वेळ उभी राहते आणि खाली उतरते.